टॉमकाकाचे भले मालक

१

अमेरिकेच्या यादवी युद्धाची गोष्ट निघाली, की एक आख्यायिका हटकून सांगितली जाते. १८६२ सालच्या अखेरीस, युद्ध ऐन भरात असताना, हॅरिएट बीचर स्टो ही लेखिका अध्यक्ष लिंकन यांना भेटायला गेली. लिंकन ताडमाड उंच, बाई चणीने अगदी लहानखुरी. तिच्याकडे पाहून लिंकन म्हणे उद्गारले, की जिच्या पुस्तकाने एवढे मोठे युद्ध पेटवले ती बाई ती हीच का! भेट झाली हे खरे आहे. या उद्गारांना मात्र त्या वेळच्या कागदपत्रांत आधार सापडत नाही. ते छापून प्रसिद्ध झाले ते तीसएक वर्षांनी, लिंकन जाऊन एक पिढी लोटल्यावर.

आम्हां लेखकमंडळींना ही आख्यायिका फार प्रिय आहे, आणि ते स्वाभाविकच म्हणायचे. ज्यांच्या पुस्तकाची हजार प्रतींची आवृत्ती संपायला पाच-सात वर्षे लागतात, त्यांना एका कादंबरीने एक अख्खा देश हलवला हे ऐकून मनातल्या मनात मूठभर मांस चढते. मलाही चढत असे. 'अंकल टॉम्स केबिन' मी प्रथम वाचली ती मॅट्रिकच्या वर्गात असताना, शाळेच्या कपाटातल्या एका मुलांसाठी संक्षिप्त केलेल्या प्रतीत. बर्फाच्या लाद्यांवरून उड्या मारत मुलाला कवटाळून नदी ओलांडणारी एलायझा तेव्हा डोळ्यांपुढून हलत नव्हती. पुढे शिक्षिका झाले, चार कादंबऱ्या लिहिल्या, आणि गेल्या मे महिन्याच्या सुटीत शब्दकोश उशाशी ठेवून ती मूळ कादंबरी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढली. तिच्या जोडीला फ्रेडरिक डग्लस या पळून मुक्त झालेल्या गुलामाचे आत्मवृत्तही वाचले.

वाचून झाल्यावर ती आख्यायिका मला खोटी वाटली, आणि ती केवळ पुराव्याच्या अभावी नव्हे. एका साप्ताहिकात दहा महिने चाललेली कथा युद्ध पेटवू शकत नाही. सरपण चाळीस वर्षे रचले जात होते. पण मग त्या कादंबरीने काहीच केले नाही का? केले. तिने काय केले आणि काय करायचे राहून गेले, एवढेच या लेखात पाहायचे आहे. त्यासाठी आधी ते सरपण कोणी व कसे रचले हे थोडक्यात सांगितले पाहिजे.

२

अमेरिका स्वतंत्र झाली तेव्हा गुलामगिरी आपोआप विझून जाईल, असे पुष्कळ शहाण्या लोकांना वाटत होते. १७९० साली त्या देशात सुमारे सात लाख गुलाम होते. १७९३ साली एली व्हिटनी याने कापसातली सरकी झपाट्याने काढणारे यंत्र तयार केले, आणि सगळा हिशेब उलटला. जो कापूस वेचणे परवडत होते पण निवडणे परवडत नव्हते, त्याला सोन्याचा भाव आला. इंग्लंडच्या गिरण्यांना तो हवा होता, आणि तो पिकवायला दक्षिणेतल्या मळेवाल्यांना माणसे हवी होती. १८०८ पासून बाहेरून गुलाम आणायला बंदी झाली, तरी १८६० पर्यंत त्यांची संख्या चाळीस लाखांच्या घरात गेली. व्हर्जिनिया-मेरीलँडकडची माणसे मिसिसिपी-लुइझियानाकडे विकली जाऊ लागली. आई एका राज्यात, मूल दुसऱ्या राज्यात, हे त्या व्यापाराचे नित्याचे रूप होते.

देश पश्चिमेकडे वाढत होता. नवी जमीन, नव्या वसाहती, आणि ठरावीक वस्ती झाली की नवे राज्य. प्रत्येक राज्याला, लहान असो की मोठे, सिनेटमध्ये दोनच जागा. म्हणून प्रत्येक नव्या राज्याबरोबर एकच प्रश्न उभा राही : हे गुलामांचे की गुलामांवाचूनचे? १८१९ मध्ये मिसूरीने दार ठोठावले तेव्हा तराजूच्या दोन्ही पारड्यांत अकरा-अकरा राज्ये होती. १८२० साली तडजोड झाली. मिसूरी गुलामांसह घ्यायचे, त्याच्या जोडीला मेन हे मुक्त राज्य घ्यायचे, आणि पश्चिमेच्या उरलेल्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटांच्या अक्षांशावर एक रेघ मारायची. मिसूरी वगळता त्या रेघेच्या वर गुलाम नाहीत, खाली असू द्यावेत.

ही रेघ मारणारी माणसे दुष्ट नव्हती. उलट ती समंजस होती, देश एकत्र राहावा म्हणून रात्रीचा दिवस करणारी होती. पण ज्या बैठकीत ही रेघ मारली गेली तिच्यात ज्यांच्या आयुष्यावरून ती जाणार होती त्यांच्यापैकी एकही जण नव्हता. तडजोड म्हटली की प्रत्येकाने थोडे थोडे सोडायचे असते. इथे दोन पक्ष बसले आणि त्यांनी सोडले ते तिसऱ्याचे.

पुढे १८३६ पासून आठ वर्षे तिथल्या प्रतिनिधिगृहात असा नियम होता, की गुलामगिरीविरुद्धचे अर्ज आले तर ते विचारात न घेता बाजूला ठेवायचे. घरात तंटा नको म्हणून एखाद्या विषयाचे नावच काढायचे नाही, हा नियम आपल्या एकत्र कुटुंबांना काही नवा नाही. त्याचा शेवट काय होतो हेही आपल्याला ठाऊक आहे.

१८४६ ते १८४८ या काळात मेक्सिकोशी युद्ध होऊन अफाट मुलूख हाती आला, आणि रेघेचा वाद पुन्हा उकरला गेला. १८५० मध्ये पुन्हा तडजोड! कॅलिफोर्निया मुक्त राज्य झाले, आणि त्याच्या बदल्यात दक्षिणेला मिळाला पळालेल्या गुलामांना परत धरून देण्याचा कडक कायदा. या कायद्याची कलमे वाचताना अंगावर काटा येतो. ज्याला गुलाम म्हणून धरले त्याला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येणार नाही. पंच बसणार नाहीत. निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याने त्याला मालकाच्या हवाली केले तर दहा डॉलर मानधन, सोडून दिले तर पाच. शिवाय रस्त्यावरच्या कोणाही नागरिकाला धरपकडीत मदतीला बोलावता येईल.

दक्षिणेचे वकील पुढे सांगू लागले, की आमचे भांडण राज्यांच्या हक्कांसाठी होते. पण या कायद्यात त्यांनी उत्तरेकडच्या राज्यांचे हक्क मध्यवर्ती सरकारच्या शिपायांकरवी तुडवून घेतले. हक्क त्यांना हवा होता, पण तो एकाच वस्तूवर, आणि ती वस्तू माणूस होती.

३

हा कायदा झाला तेव्हा हॅरिएट स्टो एकोणचाळीस वर्षांची होती. पाळण्यात नुकतेच जन्मलेले सातवे मूल, नवऱ्याची प्राध्यापकी, पगार बेताचा, आणि घर मेनमधल्या ब्रन्सविक या थंड गावी. त्याआधी ती अठरा वर्षे ओहायो नदीकाठच्या सिनसिनाटीत राहिली होती. नदीच्या अलीकडे मुक्त मुलूख, पलीकडे केंटकी, गुलामांचे राज्य. तिथेच १८४९ च्या पटकीत तिचे दीड वर्षाचे मूल गेले होते. कादंबरी १८५१ च्या जूनपासून वॉशिंग्टनच्या एका साप्ताहिकात येऊ लागली आणि १८५२ च्या मार्चमध्ये पुस्तकरूपाने निघाली. पहिल्याच वर्षात एकट्या अमेरिकेत तिच्या सुमारे तीन लाख प्रती खपल्या.

गुलामगिरीविरुद्धच्या कादंबरीची सुरुवात कशी व्हावी अशी तुमची अपेक्षा आहे? चाबकाच्या फटकाऱ्याने? इथे ती होते एका नीटनेटक्या दिवाणखान्यात. केंटकीतला शेल्बी नावाचा एक सभ्य जमीनदार आणि हेली नावाचा गुलामांचा व्यापारी मद्याचे पेले समोर ठेवून बोलत बसले आहेत. शेल्बी कर्जात बुडाला आहे, आणि त्याचे कागद हेलीच्या हातात पडले आहेत. कर्ज फेडायला तो आपला सर्वांत विश्वासू गुलाम टॉम देऊ करतो. टॉमच्या प्रामाणिकपणाची तो तारीफ करतो : या माणसाला मी एकट्याला सिनसिनाटीला पाठवले, आणि मुक्त मुलखात पाय ठेवूनही तो माझे पाचशे डॉलर घेऊन परत आला! ही तारीफ माल विकताना चाललेली आहे. टॉमचे इमान ही टॉमची किंमत वाढवणारी गोष्ट आहे, त्याला वाचवणारी नव्हे. एवढ्यावरही सौदा पटत नाही. खोलीत चार-पाच वर्षांचे एक गोड पोर बागडत येते, आणि हेली म्हणतो, हेही घालून द्या. ते एलायझाचे पोर.

कादंबरीकार म्हणून मला या पहिल्या प्रकरणापुढे हात जोडावेसे वाटतात. लेखिकेने क्रूर मालक शेवटी ठेवला आणि भला मालक आधी आणला. तिला सांगायचे आहे ते असे : शेल्बी चांगला आहे, त्याची बायको तर देवभोळी आहे, पण त्यांच्या चांगुलपणाला हुंडीची मुदत आहे. मालक कर्जबाजारी झाला किंवा मेला की त्याचा चांगुलपणा लिलावात निघतो. ज्याचे सुख दुसऱ्याच्या स्वभावावर अवलंबून आहे, त्याला सुखी म्हणता येत नाही.

दुसरा भला माणूस सिनेटर बर्ड. तो ओहायोच्या विधिमंडळात आहे, आणि केंटकीतून पळून येणाऱ्यांना आसरा देऊ नये अशा कायद्याला नुकतेच मत देऊन थकूनभागून घरी आला आहे. बायको मेरी स्वभावाने भित्री, पण आज तिने पदर खोचला आहे. ती विचारते, की थंडीने कुडकुडणारे माणूस दाराशी आले तर तुम्ही खरोखर हाकलून द्याल? नवरा राज्याचे हित, शेजारधर्म, कायद्याची शिस्त असे सगळे मुद्दे मांडतो. मुद्दे पोकळ नाहीत. आणि नेमक्या त्याच रात्री स्वयंपाकघरात मुलाला घेऊन एलायझा येऊन पडते. तिचे पाय बर्फाने कापलेले आहेत. मेरी विचारपूस करू लागते तेव्हा एलायझा उलट तिलाच विचारते : बाईसाहेब, तुमचे कधी मूल गेले आहे का? त्या घरातले मूल जाऊन जेमतेम महिना झाला आहे.

पुढचा प्रसंग मी वर्गात मुलांना सांगते, तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही गप्प होतात. त्या माऊलीला रातोरात दुसरीकडे पोचवले पाहिजे, नाहीतर ती धरली जाईल, असे सिनेटर स्वतःच म्हणतो आणि गाडी जोडायला निघतो. दारापर्यंत जाऊन परत येतो. अडखळत बायकोला सांगतो, की आपल्या छोट्या हेन्रीचे ते सामान... तो भरलेला खण... आणि पुढे न बोलता निघून जातो. मेरी खण उघडते. लहान लहान कोट, टाचांपेक्षा चवड्याशी झिजलेले बूट, लाकडी घोडा, भोवरा, चेंडू. ती घटकाभर डोके टेकून रडते, आणि मग त्यातले चांगले चांगले कपडे निवडून गाठोडे बांधते.

या प्रसंगात कायद्याविरुद्ध एकही युक्तिवाद नाही. सिनेटरच्या मनातला पळपुटा गुलाम हा वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातले एक छोटे चित्र होता, हातात काठी आणि पाठीवर गाठोडे घेतलेले. आता तो दारात आला आणि त्याला आपल्या मेलेल्या मुलाचे बूट बरोबर बसणार आहेत हे त्याला कळले. तडजोडीचे सगळे गणित आकड्यांवर चालले होते, आणि या बाईने आकड्याला बूट घातले. आपले मूल गमावलेल्या बाईनेच हे लिहावे यात नवल नाही.

तिसरा भला माणूस न्यू ऑर्लीन्सचा सेंट क्लेअर. तिघांत हाच सर्वांत बुद्धिमान. गुलामगिरीवर त्याच्यासारखी धारदार टीका कादंबरीत दुसरे कोणी करत नाही, आणि तोच गुलामांच्या जिवावर आरामखुर्चीत पहुडलेला असतो. तो टॉमला मुक्त करण्याचे वचन देतो, कागद करायलाही घेतो. पण आज-उद्या, आज-उद्या! एके दिवशी दोघांची मारामारी सोडवताना सुरा लागून तो मरतो. कागद अर्धेच राहतात, आणि बायको टॉमला बाजारात उभा करते. त्याची उत्तरेकडून आलेली चुलत बहीण ऑफेलिया हीसुद्धा लेखिकेच्या तावडीतून सुटत नाही. ती गुलामगिरीच्या कट्टर विरुद्ध आहे, पण टॉप्सी या काळ्या पोरीला स्पर्श करताना तिच्या अंगावर शहारा येतो. स्वतःच्याच बाजूच्या माणसांना आरसा दाखवण्याचे धैर्य प्रचारकी म्हणून हिणवल्या गेलेल्या या कादंबरीत आहे, हे तिच्या टीकाकारांनी ध्यानात घ्यायला हवे.

४

पुस्तकाने उत्तरेत डोळे ओले केले, दक्षिणेत माथी भडकवली. गुलाम किती सुखी आहेत हे दाखवणाऱ्या उत्तरादाखल कादंबऱ्यांचे पीक तिकडे आले. १८५७ साली मेरीलँडमध्ये सॅम्युअल ग्रीन या मुक्त काळ्या धर्मोपदेशकाला या कादंबरीची एक प्रत घरी सापडली म्हणून दहा वर्षांची शिक्षा झाली. एका पुस्तकाची एवढी धास्ती वाटणाऱ्या व्यवस्थेचा पाया किती भुसभुशीत असेल!

तरीही युद्धाकडे जाणाऱ्या पायऱ्या पुस्तकाने घडवल्या नाहीत. १८५४ साली कॅन्सस-नेब्रास्काचा कायदा होऊन १८२० ची रेघ पुसली गेली, आणि नव्या मुलखातल्या लोकांनीच काय ते ठरवावे असे झाले. ऐकायला किती लोकशाहीचे! परिणाम असा, की दोन्ही बाजूंचे लोक बंदुका घेऊन कॅन्ससमध्ये शिरले आणि तिथे खुनांचे सत्र सुरू झाले. १८५४ च्याच उन्हाळ्यात बॉस्टनमध्ये अँथनी बर्न्स या पळून आलेल्या माणसाला सैन्याच्या पहाऱ्यात बंदराकडे नेण्यात आले. त्याला परत व्हर्जिनियाला पाठवायचे होते. रस्त्याच्या दुतर्फा हजारो लोक उभे होते आणि घरांवरून काळी कापडे लोंबत होती. दोन वर्षांपूर्वी कादंबरीत जे वाचले ते लोक आता दारातून पाहत होते. १८५६ च्या मे महिन्यात सिनेटच्या सभागृहात चार्ल्स समनर या गुलामगिरीविरोधी सभासदाला दक्षिणेच्या एका प्रतिनिधीने काठीने रक्तबंबाळ केले, आणि त्या प्रतिनिधीला दक्षिणेतल्या चाहत्यांनी नव्या काठ्या भेट पाठवल्या. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉटच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की काळा माणूस या देशाचा नागरिक होऊच शकत नाही, आणि वसाहतींतून गुलामगिरीला मज्जाव करण्याचा अधिकार कायदेमंडळाला नाही. १८५९ च्या ऑक्टोबरात जॉन ब्राउनने हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर हल्ला केला आणि डिसेंबरात तो फासावर गेला.

१८६० मध्ये लिंकन निवडून आले. असलेली गुलामगिरी मोडू असे त्यांनी म्हटलेच नव्हते. ती आणखी पसरू देणार नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. पण ज्या धंद्याला सतत नवी जमीन लागते त्याला थांब म्हणणे म्हणजे मर म्हणणेच आहे, असे दक्षिणेला वाटले. डिसेंबरात साउथ कॅरोलायना फुटून निघाले, पाठोपाठ आणखी सहा राज्ये. का फुटलो हे मिसिसिपीने आपल्या जाहीरनाम्यात आडपडदा न ठेवता लिहिले : गुलामगिरीशी आमचे सर्वस्व निगडित आहे. १२ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट सम्टरवर तोफा सुटल्या. चार वर्षांत सहा-सात लाख सैनिक गेले.

उत्तरेकडचे सगळे लोक टॉमकाकासाठी लढले असेही म्हणवत नाही. नव्या जमिनीवर गोऱ्या शेतकऱ्याला गुलामांशी चढाओढ करावी लागू नये, एवढीच पुष्कळांची काळजी होती. मग कादंबरीने केले काय? चाळीस वर्षे तडजोड ही शहाणपणाची गोष्ट म्हणून मिरवत होती. भल्या माणसांना तिच्या उशीवर डोके ठेवून झोप लागत होती. या पुस्तकाने ती उशी काढून घेतली. १८५२ नंतरही तडजोडी झाल्या, पण त्या करणाऱ्याला आपण खणातले बूट पाहिले नाहीत असे म्हणायची सोय राहिली नाही. कादंबरीच्या हातून एवढेच होते, आणि ते थोडे नाही.

५

आता दोषांकडे वळते. सेंट क्लेअरची छोटी ईव्हा हे पात्र मला सोसवत नाही. ती बोलते तेव्हा मूल बोलत नाही, प्रवचन बोलते, आणि तिचे मरण लेखिकेने इतके लांबवले आहे, की तिच्या दुःखाऐवजी लेखिकेच्या हातातला रुमालच दिसू लागतो. पण हा काळाचा दोष म्हणून सोडून देता येईल. खरा दोष टॉममध्येच आहे.

इथे एक अन्याय आधी दूर केला पाहिजे. 'अंकल टॉम' हे नाव पुढे लाचार माणसाला द्यायची शिवी झाले. ती शिवी नाटकवाल्यांनी रंगवलेल्या वाकलेल्या म्हाताऱ्याला शोभते. कादंबरीतला टॉम भरदार छातीचा, लहान लेकरांचा बाप आहे. दुसऱ्या गुलाम बाईला चाबूक मारायला तो नकार देतो, आणि पळालेल्या दोन बायकांचा ठावठिकाणा सांगत नाही म्हणून लेग्री या मालकाकडून मार खाऊन मरतो. यात लाचारी कुठे आहे? पण टॉमला स्वतःसाठी काही हवे आहे असे फारसे दिसत नाही. तो सोसतो, क्षमा करतो, आणि त्याच्या सोसण्यामुळे वाचणारा पावन होतो. ज्याला स्वातंत्र्याची खरी आग आहे असा एलायझाचा नवरा जॉर्ज हॅरिस आधी कॅनडाला जातो, आणि शेवटी लेखिका त्याला आफ्रिकेतल्या लायबेरियाला पाठवून देते. मुक्त, शिकलेला, मानी काळा माणूस अमेरिकेत कुठे राहील याचे उत्तर तिच्यापाशी नव्हते. १९४९ साली जेम्स बाल्डविन या तरुण काळ्या लेखकाने या कादंबरीवर घणाघाती लेख लिहिला आणि तिच्यातले अश्रू अप्रामाणिक ठरवले. मी तितकी कठोर होऊ शकत नाही. पण तो चिडला का, हे डग्लसचे आत्मवृत्त वाचल्यावर मला समजले.

ते पुस्तक १८४५ चे, म्हणजे कादंबरीच्या सात वर्षे आधीचे. लहानसे, अश्रूंना जागा नसलेले. आपली जन्मतारीख आपल्याला ठाऊक नाही, हे तो पहिल्याच पानावर सांगतो. दर जूनमध्ये शाळेच्या दाखल्यांवर मुलांच्या जन्मतारखा चढवणाऱ्या माझ्यासारखीला त्या पानावर थांबावेच लागले. बाल्टिमोरच्या मालकिणीने त्याला मुळाक्षरे शिकवायला घेतली. मालक ओरडला, की हा शिकला तर गुलाम म्हणून निकामी होईल. मालकाच्या या एका वाक्यातून पोराला मुक्तीची वाट कळली! मग रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या मुलांना भाकरी देऊन त्याने त्यांच्याकडून अक्षरे घेतली. गोदीत जहाजाच्या लाकडांवर डावी-उजवी बाजू दाखवायला सुतार जी अक्षरे लिहीत, ती पाहून लिहायला शिकला. मालकाच्या मुलाच्या जुन्या कित्त्याच्या वहीत मोकळ्या राहिलेल्या जागांत त्याने अक्षरे गिरवली. पुढे कोव्ही नावाच्या माणसाळवणाऱ्याने अंगावर हात टाकला तेव्हा याने त्याची मानगूट धरली. १८३८ साली तो पळाला. कसा पळाला, हे मात्र पुस्तकात नाही. त्या वाटेने अजून दुसऱ्यांना यायचे होते, म्हणून त्याने ती सांगितली नाही. कादंबरीकाराला कथानकाची उत्कंठा प्राणापलीकडे असते. या माणसाने तिच्यापलीकडे दुसऱ्यांचे प्राण ठेवले. वाङ्मयात एवढे बोलके मौन मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

दोन पुस्तकांमधला फरक हा, की एकात काळ्या माणसाला पाहून आपल्याला कळवळा येतो, आणि दुसऱ्यात तो माणूस आपल्याकडे पाहतो.

इथे मला स्वतःविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. माझ्या पहिल्या कादंबरीत एका वाड्यातली जन्मभर राबणारी एक मोलकरीण आहे. ती कधी तक्रार करत नाही, आणि शेवटी धाकट्या मालकाच्या आजारपणात रात्री जागून आपला जीव देते. वाचकांना ती फार आवडली, परीक्षणांत तिची स्तुती झाली, आणि ती स्तुती मी जपून ठेवली. एका शिक्षकांच्या मेळाव्यात माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीने मला विचारले, "बाई, तिला स्वतःला काय हवं होतं?" तिची आई घरकाम करत असे. मी काहीतरी हसून उत्तर दिले. उन्हाळ्यात डग्लसचे पुस्तक मिटताना तो प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला. स्टोबाईंचा दोष माझ्यात पुरेपूर आहे, आणि त्यांचा गुण, म्हणजे वाड्यातल्या भल्या मालकांना दिवाणखान्यात बसवून त्यांचा हिशेब मागण्याचे धैर्य, तो मात्र माझ्यात नव्हता.

६

त्या दूरदेशीच्या युद्धाचे दोन पदर आपल्या मुलखापर्यंत येऊन पोचले. पहिला कापसाचा. अमेरिकेचा कापूस अडला तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांनी इकडे धाव घेतली, आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसावर मुंबईत पैशाचा पाऊस पडला. समुद्र हटवण्याच्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या भागांवर लोकांनी घरेदारे लावली. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि तो सगळा डोलारा कोसळला.

दुसरा पदर टिकला. १८७३ साली पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि ते अर्पण केले अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांना दास्यातून सोडवले म्हणून. आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवून शूद्र बांधवांना ब्राह्मणी दास्यातून मोकळे करावे, ही आशा त्यांनी त्याच अर्पणपत्रिकेत व्यक्त केली. पुस्तक संवादरूप आहे. धोंडिबा विचारतो, जोतीराव उत्तर देतात. हे मला फार अर्थपूर्ण वाटते. ज्याच्याविषयी बोलायचे तो धोंडिबा इथे समोर बसला आहे, आणि प्रश्न त्याचे आहेत. १८२० च्या बैठकीत जी जागा रिकामी होती, ती जोतीरावांनी पहिल्याच पानावर भरून टाकली.

लिंकन ते वाक्य बोलले असोत की नसोत, माझी आता त्याविषयी तक्रार राहिलेली नाही. युद्ध भल्या माणसांच्या चाळीस वर्षांच्या सोयीने आणले. कादंबरीने त्या सोयीला तिचे नाव सांगितले, आणि पुढची गोष्ट सांगायला डग्लसच हवा होता. माझी नवी कादंबरी गेली दोन वर्षे अर्ध्यावर पडून आहे. तिच्यातही एक वाडा आहे आणि वाड्यात एक काम करणारी मुलगी आहे. या सुटीत ती पहिल्यापासून पुन्हा लिहायला घेणार आहे. त्या मुलीला काय हवे आहे, हे तिलाच विचारून.